गाळणी

डाळिंबाचे दाणे मिक्सरमधून फिरवले, बारीक गाळणीत ओतले, चमच्यानं दाबून दाबून शेवटचा थेंब काढला आणि रसाची वाटी आत्यापुढे ठेवली. तिनं वाटीकडे बघितलंच नाही, ओट्याकडे बघितलं. "चोथा कुठं टाकलास?" ओल्या कचऱ्यात, मी म्हटलं. "म्हशीला तरी घालायचास," असं म्हणून तिनं रस पिऊन टाकला. आमच्या चौथ्या मजल्यावर म्हैस नाही हे तिला ठाऊक आहे. सांगोल्याच्या घरीही आता म्हैस राहिलेली नाही, गोठ्यात नातवाची मोटरसायकल उभी असते. तरी तिनं विचारलं ते विचारलंच, आणि तो प्रश्न दिवसभर माझ्या मागे लागला. नासाडी झाली म्हणून ती चुकचुकली असती तर मी विसरूनही गेले असते. पण तिचा सूर, कुणाच्या तरी तोंडचा घास कचऱ्यात गेला असा होता.

आत्या ८२ वर्षांची. दर हिवाळ्यात आमच्याकडे पुण्याला येते. जेवण झालं की कवळी काढून स्टीलच्या पेल्यात पाण्यात टाकते आणि मग उरलेला वेळ ओठ आत ओढून बसते. तिला काय द्यायचं याबद्दल घरातल्या, दारातल्या आणि फोनवरच्या सगळ्यांचं एकमत आहे: हलकं. हलकं म्हणजे मऊ भात, गुरगुट्या खिचडी, साल काढून बिया खरवडलेला दुधी, गाळलेलं सार, कोंडा चाळून केलेला फुलका. पालेभाजी नको, घशात अडकते. मोडाची मटकी नको, वारा धरतो. पेरू तर अजिबात नको. एकेक वस्तू काढत काढत ताटात फक्त पांढरा आणि पिवळा एवढे दोनच रंग उरतात. यात प्रेम आहेच, शंका नाही. पण ताटातलं सगळं पहिल्या वीसेक फुटांत, लहान आतड्यातच विरघळून रक्तात जावं आणि पुढे काही म्हणजे काही जाऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. पुढे कुणी राहत असेल, हे आपल्या गावीही नसतं.

पुढे मोठी वस्ती आहे.

म्हातारपण आणि पोट यांच्याबद्दल मराठी घरात जेवढं बोललं जातं तेवढं बहुधा पैशाबद्दलही बोललं जात नाही. सकाळी चहाबरोबर "झालं का साफ?" हा प्रश्न विचारण्यात कुणालाच काही वाटत नाही. माझे आजोबा बाहेर आले की त्यांच्या चेहऱ्यावरून घरातले त्या दिवसाचा अंदाज बांधत. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, रात्रीचं कोमट पाणी, मनुका, हे सगळं आम्ही मुलांनी पाढ्यांसारखं ऐकलं. कडीचा आवाज, आतून येणारा विडीचा वास, बाहेर ताटकळणारा काका. आणि तरी या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कधीच आली नाही: आत नेमकं काय चालतं? पोट म्हणजे एक नळ, तो तुंबतो आणि मोकळा होतो, एवढंच आमचं शरीरशास्त्र. म्हातारपणी नळ जुना होतो, विषय संपला.

खरं तर तिथं कारखाना चालतो. मोठं आतडं जेमतेम पाच फुटांचं, पण शरीरातले बहुतेक जिवाणू तिथंच दाटीवाटीनं राहतात. २०१६ साली हिशेब नव्यानं मांडला गेला तेव्हा एका माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू निघाले; सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. (त्याआधी सर्रास दोन किलो सांगितलं जायचं. अजूनही सांगतात.) आपल्याला पचत नाही तो चोथा यांचं मुख्य अन्न. डाळीच्या सालातलं, ज्वारीच्या कोंड्यातलं, थंड होऊन घट्ट झालेल्या भातातलं जे काही आपल्या पाचकरसांना दाद देत नाही, ते हे जिवाणू हवेविना आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी छोटी आम्लं बाहेर टाकतात. ब्युटिरेटला वास येतो तो खवट लोण्याचा. नाक मुरडावं असं हे द्रव्य, पण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात त्यावर. त्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधून येते. शरीरातल्या बाकीच्या पेशी बहुतेक रक्तातून आलेल्या अन्नावर भागवतात. या मात्र आतड्याच्या पोकळीतून, जिवाणूंच्या हातून जेवतात.

२०११ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातल्या या पेशी तपासल्या. बाकी अवयव ठीक होते, पण या पेशी उपाशी होत्या, इतक्या की स्वतःच्याच आतला माल मोडून खात होत्या. ब्युटिरेट दिल्यावर ते थांबलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. उंदराला खायला भरपूर होतं, त्याचं पोट भरलेलं होतं, आणि तरी त्याच्या आतड्याच्या कडेला उपासमार चालली होती.

या व्यवहाराला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार आवडते. पेशी ब्युटिरेट जाळतात तेव्हा प्राणवायू खर्च होतो. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू झिरपत नाही, आणि ज्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही तेच नेमके ब्युटिरेट बनवणारे असतात. म्हणजे पेशी जेवली की तिला जेवू घालणाऱ्याचं घर सुरक्षित राहतं. दोघांपैकी कुणी ढेपाळलं की दुसरं ढेपाळतं, आणि मग प्राणवायू चालणारे भलतेच जिवाणू आत शिरून फोफावतात. अस्तर तसं नाजूकच, एका पेशीच्या जाडीचं. चार-पाच दिवसांत जुन्या पेशी गळतात, नव्या येतात. त्यावर बुळबुळीत चिकट थर असतो, जमिनीवर शेणाचं सारवण असावं तसा, आणि तो सतत नव्यानं द्यावा लागतो. जिवाणूंना चोथा मिळेनासा झाला की त्यातले काही हे सारवणच खायला लागतात. माणसातले जिवाणू उंदरांच्या पोटात सोडून, त्यांना बिनचोथ्याचं खाणं घालून २०१६ साली हे दाखवलं गेलं: थर झिजला, आणि मग एरवी जो रोगजंतू निभावला असता त्यानं उंदरांचा जीव घेतला.

चोथा संपल्यावर जिवाणू प्रथिनांकडेही वळतात. मग अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, पॅरा-क्रेसॉल अशी त्रासदायक मंडळी तयार होतात. म्हाताऱ्या माणसाच्या आतड्याची चाल मंदावलेली, त्यामुळे माल आत जास्त वेळ पडून राहतो आणि शेवटच्या टप्प्यात हा उद्योग वाढतो. त्यात कधी अँटिबायोटिकचा कोर्स, रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी, कमी पाणी, कमी चालणं. भिंत झिरपू लागते, आतल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात जातात आणि शरीर मंद आचेवर सुजत राहतं. ताप नाही, ठणका नाही, रिपोर्टमध्येही ठळक काही दिसत नाही. इटलीतल्या क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली वयाबरोबर येणाऱ्या या धुमसत्या दाहाला स्वतंत्र नाव दिलं. त्यातला किती भाग आतड्यातून येतो यावर अजून वाद आहेत, पण कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला २०१७चा प्रयोग बोलका आहे: निर्जंतुक उंदीर म्हातारे झाले तरी त्यांच्यात हा दाह वाढला नाही, आणि निर्जंतुक उंदरांना म्हाताऱ्या उंदरांचे जिवाणू मिळाले की तो वाढला, तरुणांच्या जिवाणूंनी तसा वाढला नाही.

हे सगळं फार पूर्वी एकाला वाटून गेलं होतं. इल्या मेच्निकोव्ह, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला, १९०८च्या नोबेलचा मानकरी. नोबेल मिळालं ते पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात या शोधाबद्दल, पण उतारवयात त्याच्या डोक्यात बसलं होतं मोठं आतडं. तिथं कुजणाऱ्या अन्नातून विषं तयार होतात, ती रक्तात भिनतात आणि माणूस म्हातारा होतो, असं त्याचं म्हणणं. फिनॉल आणि इंडोल या दोघांवर त्याचा विशेष राग. उपाय म्हणून तो रोज आंबवलेलं दूध प्यायचा. बल्गेरियातले शेतकरी ते पिऊन दीर्घायुषी होतात, असं त्यानं मांडलं. युरोपभर आंबट दुधाची लाट आली. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठावर इलाज म्हणून माणसांची मोठी आतडी कापून काढली. मेच्निकोव्ह १९१६ साली ७१व्या वर्षी हृदयविकारानं गेला. आमच्याकडे रोज ताक पिऊन नव्वदी गाठलेल्या बायका कितीतरी. त्यांच्याकडून त्याला चार युक्तिवाद उसने मिळाले असते.

मेच्निकोव्हचं बोट योग्य जागी होतं, पण यादीतली नावं इतकी सोपी नव्हती. इंडोलचंच घ्या. विष्ठेच्या वासात इंडोल असतं आणि मोगऱ्याच्या, जाईच्या वासातही असतं. ट्रिप्टोफॅन नावाच्या, डाळी-दुधातून येणाऱ्या अमिनो आम्लापासून जिवाणू ते बनवतात. अटलांटातल्या एमरी विद्यापीठातल्या गटानं २०२० साली दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या आतड्यात चिकट थर बनवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि इंडोल मिळालं की त्या पुन्हा वाढतात. ज्याला विष ठरवलं त्यानंच सारवण नव्यानं घातलं. पण म्हणून इंडोलचा जयजयकार करावा तर तेही नाही: तेच इंडोल यकृतात जाऊन त्याचं जे रूपांतर होतं, ते मूत्रपिंड थकलेल्या माणसाच्या रक्तात साठून त्रास देतं. हे वाचून मला जरा बरंच वाटलं. कुठलंही एक द्रव्य बाटलीत भरून 'चांगलं' म्हणून विकता येऊ नये, अशी ही रचना आहे.

विकतात अर्थात. डाळिंबाचंच उदाहरण समोर आहे. डाळिंबात एलाजिटॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात, दाण्यांपेक्षा सालीत आणि दाण्यांमधल्या पिवळट पडद्यात जास्त. काही जिवाणू त्यांच्यापासून युरोलिथिन बनवतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं २०१६ साली आढळलं की युरोलिथिन-ए मिळालेले सूक्ष्म कृमी जास्त जगतात, म्हातारे उंदीर जास्त पळतात, कारण पेशी आपल्या मोडक्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे आतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांची, साफसफाई नीट करू लागतात. माणसांत पुरावा अजून बेताचा आहे. आणि गंमत म्हणजे हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. कुणाला तेच डाळिंब खाऊन भरपूर युरोलिथिन मिळतं, कुणाला थोडं, कुणाला शून्य. म्हणून आता तयार युरोलिथिनच्या कॅप्सूल निघाल्या आहेत. न्यू जर्सीच्या चुलतभावानं त्यांचा फोटो पाठवला. सांगोल्यात डाळिंबाची साल वाळवून डब्यात ठेवतात, कुणाला जुलाब लागले की उगाळून देतात. आत्याच्या पिशवीतही तिची पुरचुंडी असते. तिला कॅप्सूलची किंमत सांगितली तर तिनं एवढंच विचारलं, "बागवाल्याला त्यातलं काय मिळतं?"

वयाबरोबर पोटातली वस्ती बदलते हे इथंही तपासलं गेलंय. २०१२ साली पुण्यातल्या संशोधकांनी महाराष्ट्रातली दोन एकत्र कुटुंबं घेतली, एका छपराखाली तीन पिढ्या, आणि सगळ्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. वयानुसार फरक दिसला. अभ्यास अगदी छोटा, त्यावरून मोठं काही बोलू नये. पण घरातल्या ज्येष्ठाच्या हातात डबी देऊन "उद्या सकाळी यात द्या" असं सांगणारा तो विद्यार्थी कोण असेल, त्यानं सुरुवात कशी केली असेल, याची कल्पना करून मी बराच वेळ हसत होते.

त्याच वर्षी आयर्लंडमध्ये १७८ वयस्कर माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी राहणारे आणि कायमचे शुश्रूषागृहात राहणारे यांच्या पोटातली वस्ती वेगळी निघाली. घरच्यांची जास्त विविध. शुश्रूषागृहातल्यांची कमी, ब्युटिरेटही कमी, आणि तब्येत तेवढीच जास्त खालावलेली. आता कमजोर माणसंच शुश्रूषागृहात जातात, मग वस्ती बदलते, की उलट, हा प्रश्न उरतोच. पण एक तपशील मला हलवून गेला. शुश्रूषागृहात गेलेल्या माणसाचं ताट महिनाभरात बदलतं. पोटातली वस्ती मात्र पूर्ण बदलायला साधारण वर्ष घेते. वर्षभर आत कुणीतरी जुन्या जेवणाची वाट बघत तग धरून असतं.

आमच्या भागातल्या एका वृद्धाश्रमात मी अधूनमधून वाचून दाखवायला जाते. तिथलं स्वयंपाकघर स्वच्छ आहे, मोठ्या पातेल्यात फोडणीचा हिंग दरवळत असतो, आणि फळ्यावर आठवड्याचा मेनू लिहिलेला असतो. मऊ खिचडी, दुधी, सूप, मऊ भात, शेवयांची खीर, पुन्हा खिचडी. नावं ठेवणं सोपं आहे. चाळीस माणसं, निम्म्यांना दात नाहीत, दोघांना गिळताना ठसका लागतो, कुणी जेवता जेवता रडू लागतं, आणि वाढायला तीन बायका. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं तर त्याहून वाईट. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर बायको गेल्यापासून रात्री चहा-खारी खाऊन झोपतात. एकट्यासाठी कोण मटकीला मोड आणणार? आपण विविध आहार म्हणतो तेव्हा त्यात दुसरं माणूस गृहीत धरलेलं असतं, निवडायला, चिरायला, "घ्या की अजून" म्हणायला.

हे सगळं वाचून उत्साहात मी आत्याला हुलग्याचं माडगं केलं, सालीसकट मुगाची उसळ केली, दुपारी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून दिली. माडगं तिनं मिटक्या मारत संपवलं. रात्री पोट फुगलं. ओवा, हिंगाचं पाणी, पोटावर गरम पिशवी, आणि अंधारात तिचं एकच म्हणणं, "गाव सोडल्यापासून सवय गेली गं." बरोबर होतं तिचं. जी मंडळी हुलगे आंबवून खायची ती उपाशी राहून पांगली असणार. त्यांना पुन्हा जमवायचं तर चमच्या-चमच्यानंच. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, हळूहळू वाढवा, पाणी वाढवा, आणि पोट दुखलं तर थांबा. प्रत्येकाच्या आतड्याची गोष्ट वेगळी असते. आता भाजी सालीसकट शिजवून मिक्सरमधून काढते. पातळ लागतं, घशात अडकत नाही, पण गाळत नाही. मऊ करणं आणि गाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे ती जोडीनं होतात एवढंच.

वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकाच्या मावशींना मी तेच सांगायला गेले. सूप गाळू नका, दुध्याची साल कोवळी असेल तर राहू द्या, आठवड्यातून एखादी उसळ घोटून द्या, थोड्यापासून सुरू करा. त्या पालक निवडत होत्या, कोवळे देठ वेगळे, जून देठ वेगळे. पूर्ण ऐकून घेतलं. "गाळायचं नाही म्हणजे माझं एक काम कमीच झालं की ताई," म्हणाल्या, आणि देठांची जुडी बाजूला सारून त्यांनी पदराला हात पुसले. "पण पहिल्या आठवड्यात रात्री सगळ्यांची पोटं गुरगुरली, तर फोन ऑफिसात करायचा का तुम्हाला?"

मी माझा नंबर फळ्यावर मेनूच्या खाली लिहून आले.